साठी बुद्धी नाठी, पण कशाने?



घरातला म्हातारा वावराची वाट चुकला, की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. सगळा दोष वयाच्याच माथी मारायचा काय?

कोरडवाहू शेतीत पोट भरेना म्हणून आपली किती माणसे नवी मुंबईच्या तुर्भे-तळोजा पट्ट्यात राबली! तळोज्याला कासाडी नदी आहे. ऑगस्ट 2017 मध्ये तिथली कुत्री रंगाच्या सांडपाण्याने निळी झाली, तेव्हा कुठे बोंब उठली. रंग दिसतो, शिसे दिसत नाही.

बॅटऱ्या फोडताना, भंगार वितळवताना, रंगकामात अंगात गेलेले शिसे बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि वीस-पंचवीस वर्षे राहते. म्हातारपणी हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरते. 2000 सालापर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्येही शिसे होते. त्या धुरात ज्यांची जवानी गेली, ते आज साठी-सत्तरीत आहेत.

शिशाने मेंदूला इजा होते, रक्तदाब वाढतो, हे पक्के आहे. स्मृतिभ्रंश त्यानेच होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. लॅन्सेटच्या आयोगाने 2024 साली टाळता येण्याजोगी 14 कारणे मोजली. त्यांत रक्तदाब आहे, हवेचे प्रदूषण आहे. शिसे वेगळे धरलेले नाही. अॅल्युमिनियमचा संशय तर 1965 पासूनचा, पण त्याचा पुरावा लंगडाच राहिला. तेव्हा घरातली जर्मनची भगुणी कोणी फेकू नये.

पण सिद्ध झाले नाही म्हणून मोजायचेही नाही काय? शिशाची विषबाधा दिसली तर डॉक्टरने ती सरकारला कळवावी, असे 1948 च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. कामगार कारखान्यात असेतो ठीक. तो गाठोडे बांधून गावी परतला, की त्याच्या हाडांतल्या शिशाचा हिशोब कोणी ठेवायचा? रक्तातले शिसे साध्या तपासणीत कळते. ज्यांनी अशा कामात वर्षे काढली, त्यांची ही तपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट झाली पाहिजे, ही आपली मागणी आहे.

विसरभोळेपणा सुरू झाला तर थायरॉईड आणि बी-12 ही तपासून घ्या. त्यातले बिघाड औषधाने सुधारतात. आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावातले कोण, कोणत्या कामावर, किती वर्षे होते, हे लिहून आणा.