पाय वाटून मोकळे होणाऱ्यांनो

माझ्या बापाचा पाय रेल्वेखाली गेला. कुठल्याशा शिबिरात त्याला नकली पाय मिळाला. पाहुण्यांना हार घातले, फोटो निघाला. पुढं उरलेली मांडी वाळत गेली, पाय ढिला झाला, पट्टा तुटला. दुरुस्तीला जायचं कुठं? शिबिर केव्हाच उठलेलं. तो पाय आमच्या पोटमाळ्यावर धूळ खात पडला आणि बाप कुबडीवरच मेला.

म्हणून लढाईच्या मुलखात औषधांची खोकी टाकून फोटो काढणारे दिसले, की माझं डोकं सणकतं.

३ ऑक्टोबर २०१५. अफगाणिस्तानातलं कुंदूझ. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चं इस्पितळ. ईशान्य भागात अशा जखमांसाठी तेवढं एकच. इस्पितळाचा नेमका ठावठिकाणा लष्कराला आधीच कळवलेला. तरी अमेरिकी विमानानं रात्री तासभर आग ओकली. ४२ माणसं मेली : २४ रुग्ण, १४ कर्मचारी, ४ सोबतीला आलेले नातेवाईक. शिक्षा काय? १६ जणांवर खात्यातल्या खात्यात कारवाई. फौजदारी खटला एकावरही नाही. १९४९चा जिनिव्हा करार होताच. मे २०१६मध्ये सुरक्षा परिषदेनं इस्पितळं वाचवायचा २२८६ नंबरचा ठराव केला. कागदावर कागद चढला, बस्स!

मेलेले ४२ मोजले. पण दुसऱ्या दिवशी ज्याचा पाय सुरुंगानं उडाला आणि दार ठोठवायला इस्पितळच उरलं नाही, तो कुणाच्या वहीत?

आता काबूलला चला. तिथं रेड क्रॉसचं पाय बनवायचं केंद्र १९८८पासूनचं. अल्बर्टो कैरो नावाचा इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९०ला आला आणि तिथलाच झाला. त्यानं काय केलं? नोकऱ्या अपंगांनाच दिल्या. काल पाय मागायला आलेला आज दुसऱ्याचा पाय घडवतो. रशियन गेले, मुजाहिद आले, तालिबान आले, अमेरिकन आले नि गेले. पाय घडवणारे हात टिकले.

ही राखीव जागा आहे, समजलं? ‘मेरिट’च्या नावानं गळे काढणाऱ्या शहाण्यांनो, जाऊन बघा तिथं कुणाचं काम अडलं ते!

वाढत्या पोराला पाय एकदा देऊन भागत नाही. पोर वाढलं, की पाय आखूड पडतो. नवा लागतो, पुन्हा नवा. म्हणजे कारागीर गावातच पाहिजे. नर्स गावातली, सुईण गावातली. आणि हे तोडायला बाँबच लागतो असं नाही. डिसेंबर २०२४मध्ये तालिबाननं बायकांचं नर्स आणि सुईण होण्याचं शिक्षण बंद केलं. इमारत उभी, इस्पितळ मेलं!

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी मदतीचा डबा घेऊन दारात आला, तर वर्गणी जरूर द्या. पण कॉलर धरून एक सवाल करा : तुमचं विमान उडाल्यावर पट्टा कोण शिवणार?