अधिछात्रवृत्ती : बक्षीस की श्रमाचे मोल?

नवी मुंबई ही एकाच नियोजन यंत्रणेने आखलेली नगरी. परंतु या एका नगरीत पीएच.डी.साठी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पडले आहेत. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रात किंवा नव्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत निवड झालेला विद्यार्थी दरमहा मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीच्या आधारावर संशोधनाला आरंभ करतो. तेथे विद्यार्थ्याला घेणे आणि त्याच्या निर्वाहाची तरतूद करणे हा एकच निर्णय असतो. याच शहरातील एखाद्या महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाकडे नोंदणी करून अर्थशास्त्र, मराठी किंवा समाजशास्त्र या विषयांत संशोधन करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तो प्रवेश परीक्षा देतो, मुलाखत देतो, विषयाला मान्यता मिळवितो, शुल्क भरतो; आणि हे सारे झाल्यावर आपल्याला एखादी वृत्ती मिळेल काय, याच्या शोधास लागतो. विद्यापीठाने त्याला संशोधनास पात्र ठरविलेले असते. पण त्या पात्रतेने त्याची चूल पेटत नाही.

अधिछात्रवृत्तीच्या नियमांची चर्चा बहुधा गुण, परीक्षा आणि उत्पन्नाचे दाखले यांतच अडकून पडते. कोणाला द्यावयाचे, याचाच खल होतो. पण कोणत्या दिवसापासून द्यावयाचे, दरमहा द्यावयाचे की सवडीने, आणि मध्येच थांबले तर त्या विद्यार्थ्याने काय करावयाचे, हे प्रश्न तपशिलाचे म्हणून कारकुनांवर सोपविले जातात. वस्तुतः वर्गीय निवड होते ती याच तपशिलात. दोन वर्षांची थकबाकी एकरकमी हाती पडेपर्यंत ज्याचे घर त्याला पोसू शकते, तोच टिकून राहतो. ज्याच्या घरी दरमहाच्या पैशांची वाट पाहिली जाते, तो संशोधन सोडून खासगी शिकवणीत, तासिका तत्त्वावरील अध्यापनात किंवा मिळेल त्या नोकरीत जातो. कागदावर मात्र नियम दोघांनाही समानच होता.

हे व्यंग नवे नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटणे तत्त्वतः न्याय्य दिसत असले तरी तिचा लाभ ज्यांना विद्येची गोडी आधीच लागलेली आहे अशाच वर्गांना होतो; म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्यांच्यात शिक्षणाचा प्रसार झालेला नाही अशा वर्गांसाठी ठेवाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्पर्धेचा नियम निःपक्षपाती दिसतो आणि परिणाम मात्र पक्षपाती होतो, ही गोष्ट जोतीरावांनी १८८२ सालीच ओळखली होती.

नियमातील एका कलमाने काय घडते, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातच आहे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याची अट तीत होती. तीन वर्षांची ही मुदत पुढे एक वर्षाने वाढली, आणि १९१७ साली ती संपली. लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्यतेने त्यांचे राहणे अशक्य केले. मग सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, तीतून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज एवढे सारे जुळून आल्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली ती १९२३ साली. शिष्यवृत्तीने आंबेडकर घडविले, हे खरेच. पण तिच्या मुदतीने त्यांची तीन वर्षे हिरावून घेतली, हेही तितकेच खरे. असामान्य बुद्धीचा पुरुष तो खंड ओलांडून गेला. नियम मात्र असामान्यांसाठी करावयाचे नसतात.

स्वतंत्र भारतात या क्षेत्रात पुष्कळ काही झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती सुरू केली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००५-०६ पासून, तर अल्पसंख्याकांसाठी २००९ पासून राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या सुरू झाल्या. पण देण्याच्या प्रत्येक पावलामागे काढून घेण्याचे पाऊल उमटत गेले. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून अधिछात्रवृत्ती न मिळालेल्यांना केंद्रीय विद्यापीठांत पीएच.डी.साठी दरमहा ८००० रुपये मिळत. तीही बंद करण्याचा निर्णय आयोगाने ऑक्टोबर २०१५ मध्ये घेतला, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थ्यांना ठाण मांडावे लागले. या योजनेचा परीघ केंद्रीय विद्यापीठांपुरताच होता. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नांदेड येथील राज्य विद्यापीठांतला विद्यार्थी त्या परिघात कधी नव्हताच. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती तर २०२२-२३ पासून बंदच करण्यात आली. इतर योजनांशी ती एकमेकींत मिसळते, हे त्याचे कारण देण्यात आले.

रकमेची कथाही उद्बोधक आहे. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०१४ साली दरमहा २५,००० रुपये झाली, जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. म्हणजे सुमारे चार वर्षे आकडा गोठवावयाचा, महागाईने त्याची झीज होऊ द्यावयाची, विद्यार्थी रस्त्यावर आले की वाढ द्यावयाची. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे ठरतो. तोच निर्देशांक संशोधकाला मात्र लागू होत नाही. नवी मुंबईतील घरभाडे भरताना दुकानदार आणि घरमालक संशोधकाला २०२३ चा भाव लावीत नाहीत.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था अशा वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या संस्था आहेत. त्यांनी दिलेल्या अधिछात्रवृत्तीमुळे शेतमजूर, कष्टकरी आणि अल्पभूधारक कुटुंबांतील शेकडो मुलेमुली प्रथमच संशोधनाच्या दारात पोचली. २०२३ साली शासनाने या संस्थांसाठी समान धोरण आणले. समान धोरणाला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. पण येथे समानता आली ती सर्वांना खाली ओढून. बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्यासाठी प्रत्येकी २०० जागांची मर्यादा आली आणि विद्यापीठाने आधीच पात्र ठरवून नोंदलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ रोजी ती परीक्षा झाली, तेव्हा २०१९ च्या राज्य पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिकाच पुन्हा देण्यात आल्याचे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले. परीक्षा रद्द झाली. १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा ठेवली, तर प्रश्नपत्रिका मोहोरबंद नसल्याचा आक्षेप घेऊन काही केंद्रांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. ज्या परीक्षेतून गुणवत्ता तपासावयाची, त्या परीक्षेचीच गुणवत्ता ही!

याच सुमारास नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला असता तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल केला. त्या शब्दांवर बराच गदारोळ झाला. परंतु एका व्यक्तीच्या जिभेवर राग काढून थांबणे हे राजकीय आळसाचे लक्षण होय. अधिछात्रवृत्ती म्हणजे सरकारने केलेला उपकार, आणि उपकाराची मर्यादा दात्याने ठरवावयाची, ही समजूत त्या सवालामागे होती. ती सर्वपक्षीय आहे. सुशिक्षित मध्यमवर्गातही ती खोलवर रुजलेली आहे, आणि तिच्याशीच खरा वाद आहे.

संशोधक हा शिकणारा असतो, तसाच तो काम करणाराही असतो. तो सर्वेक्षणे करतो, दप्तरे चाळतो, प्रयोगशाळेत रात्री काढतो, पुष्कळदा मार्गदर्शकाचे वर्गही घेतो. त्याच्या कामातून विद्यापीठाची मानांकने वाढतात. नॉर्वे, स्वीडन, नेदरलंड्स या देशांत पीएच.डी. करणारे बहुतांशी विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. तेथे त्यांच्या वेतनाला कोणी दान म्हणत नाही.

आता आक्षेपांकडे वळावे. पहिला आक्षेप दर्जाचा. पीएच.डी.चे पीक आले आहे, जुनेच विषय नव्या वेष्टनात येतात, पदोन्नतीसाठी पदव्या घेतल्या जातात, अशी तक्रार केली जाते. ती खोटी नाही. परंतु दर्जा तपासण्याची जागा नोंदणीच्या वेळची मुलाखत, संशोधन सल्लागार समिती आणि सहामाही प्रगती अहवाल ही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत ही यंत्रणा आहेच. ती कठोरपणे चालवावी आणि ज्याचे काम होत नाही त्याची नोंदणी रद्द करावी. पण ज्याची नोंदणी कायम ठेवायची, त्याला उपाशी ठेवून दर्जा सुधारत नाही. निकृष्ट प्रबंध श्रीमंताच्या पैशानेही लिहिला जातो, आणि त्याला कोणतीही चाळणी परीक्षा अडवीत नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. येथे साधा गुणाकार पुरेसा आहे. दरमहा ३७,००० रुपये म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. राज्यात अशा ५००० संशोधकांना वृत्ती द्यावयाची असे गृहीत धरले, तर घरभाडे वगळून वर्षाचा खर्च २२२ कोटी रुपये होतो. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा आहे. म्हणजे शंभर रुपयांमागे तीन पैशांच्या आसपास. तिजोरीत पैसा नाही हे कारण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. नोकरी करीत असताना वृत्ती घेणारे काही निघतात. त्यांच्याकडून वसुली जरूर करावी. पण एका लबाडासाठी शंभर प्रामाणिकांना दर तिमाहीस प्रमाणपत्रे घेऊन पुण्याच्या वा नागपूरच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावणे हा शासनाचा न्याय नव्हे, आळस आहे.

नवी मुंबईतील कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. या शहरासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तेथील शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. तो भूखंड कोणाच्या हाती राहिला, कोणी किती लवकर विकला, मिठागरे आणि मासेमारी गेल्यावर आगरी-कोळी स्त्रियांच्या हाताला कोणते काम मिळाले, तुर्भ्याच्या बाजारातील माथाडी कामगाराच्या दुसऱ्या पिढीचे काय झाले, हे सारे गावोगाव हिंडून, सात-बारा आणि करारपत्रे तपासून लिहावयाचे विषय आहेत. ते काम त्याच गावांतील मुलामुलींनी केले तर त्यांना माणसे आणि भाषा दोन्ही ठाऊक असतील. त्यांना पाच वर्षांची निश्चिती नसेल, तर या शहराचा आर्थिक इतिहास जमीन घेणाऱ्यांच्या अहवालांतूनच लिहिला जाईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विद्यापीठाने पूर्णवेळ नोंदणी दिलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येक संशोधकाला अधिछात्रवृत्ती मिळावी. दुसरी चाळणी परीक्षा नको. वृत्ती नोंदणीच्या दिनांकापासून मोजावी आणि दरमहा ठरलेल्या तारखेस खात्यात जमा व्हावी. अहवालावर मार्गदर्शकाची वा कार्यालयाची स्वाक्षरी तीस दिवसांत न झाल्यास ती झाल्याचे मानून पैसे सोडावेत. रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडावी. प्रसूती व बालसंगोपनासाठी २०२२ च्या विनियमांनी दिलेली २४० दिवसांपर्यंतची रजा वृत्तीच्या मुदतीतून वजा करू नये. आणि नियम बदलावयाचे तर ते पुढच्या तुकडीसाठी बदलावेत. खेळ सुरू झाल्यावर खेळाचे नियम बदलू नयेत.

या मागण्यांसाठी दलित, मराठा, इतर मागास, आदिवासी व मुस्लिम विद्यार्थ्यांना एका व्यासपीठावर आणणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे. संस्था वेगळ्या असल्यामुळे प्रत्येक गट दुसऱ्याच्या यादीकडे संशयाने पाहतो, आणि खर्चकपात करणाऱ्याचे काम सोपे होते. आरंभ लहान असला तरी चालेल. वाशी, नेरूळ, पनवेल येथील प्रत्येक संशोधन केंद्रात जाऊन किती विद्यार्थी नोंदले आहेत, त्यांपैकी किती जणांना वृत्ती मिळते आणि किती महिन्यांची थकली आहे, याची यादी करावी. केंद्रांनी माहिती न दिल्यास माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. ही यादी पुढील अधिवेशनापूर्वी आमदारांच्या हाती पडली पाहिजे, आणि तिच्यावरून विचारलेल्या प्रश्नाला आकड्यांतच उत्तर मागितले पाहिजे.