लोथलची वखार आणि व्यापाऱ्याची पत

राजांच्या लढायांनी आणि दरबारांच्या वर्णनांनी इतिहासाचे ग्रंथ भरलेले असतात. ज्यांनी माल तोलला, बांधला आणि आपली मुद्रा करून परमुलखी धाडला, त्यांच्या वाट्यास मात्र बहुधा एखादी ओळही येत नाही. म्हणूनच आपल्या गुजराथेत धोळका तालुक्यातील सरगवाला गावाजवळ असलेले लोथल हे स्थान व्यापारी वर्गास विशेष आदरणीय वाटावयास हवे. या स्थानाची कीर्ती राजवाड्यामुळे झालेली नाही, ती गोदीमुळे व वखारीमुळे झालेली आहे.

१९४७ च्या फाळणीत हडप्पा व मोहेंजोदडो ही दोन्ही नगरे पाकिस्तानात गेली. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व खात्याने या बाजूस शोध आरंभिला व १९५४ साली श्री. एस. आर. राव यांना लोथलचे टेकाड आढळले. १९५५ ते १९६० या काळात तेथे उत्खनन होऊन चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे नगर उजेडात आले. भाजक्या विटांनी बांधलेले सुमारे २१८ मीटर लांब व ३७ मीटर रुंद असे एक विस्तीर्ण कुंड तेथे आहे. राव यांनी त्यास गोदी मानले. लगतच उंच जोत्यावर वखार होती. तिच्या मूळच्या ६४ चौथऱ्यांपैकी १२ आज शिल्लक आहेत.

या वखारीत मातीचे सुमारे ६५ ठसे सापडले. मालाच्या गाठीवर ओली माती दाबून तीवर मुद्रा उमटविण्याची तेथील रीत होती. ठशांच्या पाठीवर कापडाची वीण, बोरू आणि दोरीचे पीळ आजही दिसतात. वखारीस आग लागून आतील माल नाहीसा झाला. पण त्याच आगीत हे ठसे भाजून पक्के झाले व टिकले. माल गेला तरी पत मागे राहते, ही गोष्ट आपण वाडवडिलांच्या तोंडून ऐकत आलो. लोथल येथे तिचा पुरावाच मातीत सापडला आहे.

वजनांची कथाही अशीच बोधप्रद आहे. सिंधू संस्कृतीची घनाकृती दगडी वजने एक, दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीने चढत जातात व दूरदूरच्या नगरांत ती एकाच प्रमाणाची आढळतात. सोळा छटाकांचा शेर आणि सोळा आण्यांचा रुपया ज्यांनी पाहिला, त्यांस हा सोळाचा हिशेब परका वाटणार नाही. आज गुजराथच्या बाजारांत वीस किलोच्या मणाने भाव बोलला जातो. मण बदलला तरी तराजूवरचा विश्वास हेच व्यापाराचे भांडवल राहिले आहे.

आता या स्थानाजवळ राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. २०२२ साली त्यास प्रारंभ झाला व ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या विकासास संमती दिली. सुमारे ४५०० कोटी रुपयांच्या या योजनेत १४ दालने, ७७ मीटर उंच दीपगृह-संग्रहालय आणि प्राचीन लोथलची प्रतिकृती यांचा समावेश आहे. या उपक्रमाचे आम्ही स्वागतच करतो. नुसत्या विटांकडे पाहून सामान्य प्रेक्षकास, विशेषतः बालकांस, नगराची कल्पना येत नाही. त्यासाठी प्रतिकृती हवीच.

परंतु धान्याच्या व्यापाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नवा गहू नवा म्हणून विकण्यात काहीच वावगे नाही. तोच जुन्यात मिसळून जुना म्हणून विकला, तर ती भेसळ होते. आपल्या श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे ठेवणे व चांगल्या मालात हलका माल मिसळणे ही दोन्ही गणली आहेत. इतिहासासही हाच नियम लागू करावा. मूळ वीट कोणती व दुरुस्तीची कोणती, हे प्रेक्षकास स्पष्ट कळले पाहिजे. प्रतिकृती मूळ अवशेषांपासून दूर असावी, आणि तिच्या झगमगाटापुढे मूळ स्थान ओस पडू नये.

मतभेदही झाकून ठेवू नयेत. १९६८ साली लेशनिक या विद्वानाने, हे कुंड गोदी नसून पाणी साठविण्याचा तलाव असावा, असे प्रतिपादन केले. उलटपक्षी २०२४ साली गांधीनगरच्या आय.आय.टी.मधील संशोधकांनी साबरमतीचा जुना प्रवाह लोथलजवळून वाहत होता, असे दाखवून गोदीच्या मतास बळ दिले. दोन्ही बाजू फलकावर मांडाव्यात. नमुना उघडा करून दाखविणाऱ्या दुकानावरच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

बडोदेकरांस या विषयाची कळकळ अधिक असावी. आपल्या शहरातील अकोटा म्हणजेच प्राचीन अंकोट्टक. तेथे १९५१ साली मिळालेल्या धातूच्या जिनप्रतिमा आपल्या संग्रहालयात सुरक्षित आहेत. परंतु ते जुने नगर मात्र वाढत्या वस्तीखाली गेले. प्रतिमा वाचल्या, स्थान वाचले नाही. लोथलचे स्थान अजून मोकळे आहे, हे आपले भाग्य समजावे.

आपल्या संघाने दोन गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. जहाजांच्या बरोबरीने वखार, वजने व ठसे यांसही संकुलात मानाचे स्थान मिळावे, असे निवेदन संघाने अधिकाऱ्यांकडे धाडावे. तसेच सभासदांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले जुने शेर, मापे, तराजू आणि रोजमेळ-खतावण्या एकत्र करून त्यांची यादी करावी व त्या संग्रहालयास अर्पण कराव्यात. रद्दीच्या भावाने त्यांचे चार रुपयेही येणार नाहीत. परंतु लोथलच्या दगडी वजनांशेजारी त्या मांडल्या गेल्या, तर आपल्या नातवंडांस आपल्या धंद्याची वंशावळ एका दृष्टिक्षेपात दिसेल. पेढीवर बसण्यापूर्वी प्रत्येक मुलाने ती अवश्य पाहावी.