सातचा भोंगा झाला, मोबाईल ठेवा! पण हे ठरवायचं कोणी?

गावानं ठरवलेला नियम अगदी साधा होता. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजणार. तो वाजला की घरातला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचावं, गप्पा माराव्यात, काहीही करावं, पण स्क्रीनसमोर बसायचं नाही. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळं.

हे गाव म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. वस्ती तीन हजारांच्या आसपास, त्यात बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारे. १४ ऑगस्ट २०२२ ला गावाची बैठक झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून, स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर, भोंगा सुरू झाला. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी माध्यमांना दिलेलं कारणही सरळ होतं. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली आणि मुलांच्या हातात मोबाईल आला. पुढे शाळेचे वर्ग पुन्हा भरू लागले, मोबाईल मात्र हातातून सुटला नाही.

बातमी देशभर गाजली. ‘डिजिटल डिटॉक्स करणारं गाव’ म्हणून कौतुक झालं, रील्स झाल्या. (हो, मोबाईल बंद ठेवण्यावरच्या रील्स!) पण या भोंग्यात एक धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर फारसं कोणी बोललं नाही. मुलांच्या मोबाईलवर मर्यादा घालायची असेल तर ती घालायची कोणी? आईबापांनी, गावानं, सरकारनं, की ॲप बनवणाऱ्या कंपनीनं?

कुंडलच्या पट्ट्यात हे नवीन नाही

वडगावच्या शेजारच्या पलूस तालुक्यात कुंडल आहे. १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचं हे मोठं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतात. प्रतिसरकारनं फक्त इंग्रजांशी लढा दिला नाही. गावोगावी न्यायनिवाडे केले, दारूबंदी केली, कमी खर्चात लग्नं लावली. म्हणजे ‘आपल्या गावाचा नियम आपण करायचा’ ही कल्पना इथे मुरलेली आहे.

फरक एवढाच की प्रतिसरकारकडे शिक्षा होती. ‘पत्री सरकार’ हे नाव तर शिक्षेच्या कथांवरूनच पडलं. भोंग्याची गोष्ट वेगळी आहे. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले आणि लोकांना समजावलं. अनेक पुरुषांनी आधी हा प्रकार हसण्यावारी नेला होता. महिलांनी तो उचलून धरला.

मग भोंग्यात विशेष काय?

आधी एक आकडेवारी पाहू. ‘असर २०२४’ या देशभरातल्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला असं सांगणारी मुलं ५७ टक्के होती. सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के.

आता एखाद्या आईनं ठरवलं की माझ्या पोराला सातनंतर मोबाईल नाही. पोरगा काय म्हणणार? ‘सगळे ग्रुपवर आहेत, मीच नाही.’ आणि त्याचं खरंच असतं. मित्र गेम खेळतायत, वर्गाच्या ग्रुपवर गप्पा चालू आहेत आणि आपण एकटेच बाहेर. अशा वेळी एकट्या घराचा नियम चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी आईच हात टेकते.

भोंगा सगळ्यांसाठी एकदम वाजतो. त्या दीड तासात ग्रुपवर कोणीच नसतं, त्यामुळे काही हुकण्याची भीती नाही. शिवाय बापाला हातात मोबाईल धरून मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणता येत नाही, कारण नियम त्यालाही आहे. माझ्या मते भोंग्याची खरी ताकद यात आहे. कारखान्याच्या भोंग्यावर पाळी बदलताना पाहिलेल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गावाचा अधिकार कुठे संपतो?

वडगावात नेटवर्क चालूच असतं, बंद करतात ते लोक. हा फरक महत्त्वाचा आहे. इंटरनेट बंद करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तो आदेश सरकारच्या गृह खात्याच्या पातळीवर निघतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत दंगल झाली तेव्हा सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं होतं, ते अशाच अधिकारात. आणि त्या अधिकारालाही मर्यादा आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं की असे आदेश जाहीर करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही.

मग गावानं थेट बंदीच घातली तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. हेतू वडगावसारखाच होता, पण रस्ता वेगळा. इथे नियम फक्त मुलांना, मोठे मोकळे. आपल्या घरात कोण काय पाहतं यावर ठरावानं सक्ती करायची म्हटली तर ती न्यायालयात टिकणं अवघड आहे. २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला गेला आहे.

त्याहून मोठी भीती मुलींची आहे. असे नियम कडक झाले की पहिला फोन मुलीच्या हातातून जातो. २०१६ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुरज गावानं अविवाहित मुलींनाच मोबाईलबंदी केली होती, वर दंडही ठेवला होता. केरळमध्ये एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल जमा करायचा नियम होता. एका विद्यार्थिनीनं तो पाळायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. वेळ साधारण वडगावचीच, पण तिथे नियम ज्यांच्यावर लादला त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आणि दिल्लीचा कायदा?

केंद्राचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीला आईवडिलांची पडताळलेली संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यालाही मनाई आहे. मुलांबद्दलची ही कर्तव्यं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत.

कागदावर हे भक्कम वाटतं. पण आपल्याकडे घरात एक फोन, सिम वडिलांच्या नावावर, खातंही वडिलांचं. त्यावर सातवीतला पोरगा रील्स पाहतो तेव्हा कंपनीच्या हिशेबात तो चाळिशीचा गृहस्थ असतो. संमती मागायचा प्रश्नच येत नाही. जिथे येतो तिथेही अनेक घरांत फोनवरची ‘ओके’ची बटणं दाबणारा तोच पोरगा असतो.

शिवाय हा कायदा प्रत्येक घराला एकटं पाडतो. तुम्ही संमती नाकारली आणि शेजाऱ्यानं दिली, की तुमचा मुलगा पुन्हा ‘मीच नाही’ म्हणणार. ऑस्ट्रेलियानं वेगळी वाट धरली. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्यांना प्रमुख सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही, आईबापांची संमती असली तरी नाही. दंड मुलांना किंवा पालकांना नाही, कंपन्यांना, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. सगळ्यांना एकदम लागू, म्हणजे एका अर्थी देशभराचा भोंगाच. पण वय तपासायचं म्हणजे कंपन्यांच्या हाती आणखी माहिती द्यायची, ही त्याची किंमत. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलीचं म्हणणं तिथेही कोणी विचारात घेतलं, असं वाटत नाही.

आपल्या नियमांतली मुलांबद्दलची तरतूद अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहे. त्या दिवशीही खातं वडिलांच्याच नावावर असेल, तर त्या सातवीतल्या पोराला रात्री नऊ वाजता काय दाखवायचं हे कंपनीच ठरवत राहील.