कार्यकारी समितीस शेवटची सूचना

सिनॉडच्या कार्यकारी समितीस,

हे पत्र विनंतीचे नाही. विनंत्या करून झाल्या.

कॅथलिकांसोबतच्या ख्रिस्ती ऐक्याच्या संयुक्त निवेदनावर आपण आमच्या मंडळ्यांच्या वतीने सही केली. मंडळ्यांना विचारले नाही. मजकूर दाखवला तोही सहीनंतर.

आम्ही अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. वार्षिक सभेत विषय काढला. वेळ संपल्याचे सांगण्यात आले. आम्ही मुकाट घरी गेलो. आपण त्याला संमती समजलात.

मुद्दा एकच आहे. मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो कशाने?

केवळ विश्वासाने, हे आमचे उत्तर. ही शिकवण धरणाऱ्यांना कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये शापित ठरवले.

आपण ऑग्सबर्गचा दाखला देता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लुथरन जागतिक महासंघ आणि व्हॅटिकन यांनी तेथे याच प्रश्नावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, हे खरे. पण ती घोषणा वाचा. ट्रेंटचा निर्णय तिने रद्द केलेला नाही. घोषणेत मांडलेल्या लुथरन शिकवणीला तो लागू होत नाही, एवढेच तिने म्हटले. जर्मनीतील शंभराहून अधिक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी सह्यांपूर्वीच जाहीर हरकत घेतली होती. आपल्या परिपत्रकात तिचा उल्लेख नाही.

योहानाचा सतरावा अध्यायही आपण सतत पुढे करता. एकविसाव्या वचनात प्रभू शिष्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करतो. सतराव्या वचनात तो त्यांना सत्यात पवित्र करण्याची मागणी करतो. क्रम प्रभूने ठरवला आहे, आम्ही नाही.

कॅथलिक शेजाऱ्यांशी आमचे भांडण नाही. दुष्काळात, दफनभूमीच्या प्रश्नावर आम्ही त्यांच्यासोबत उभे राहिलो. पुढेही राहू. त्यासाठी सुवार्तेत काटछाट करावी लागली नाही.

बाहेर पडण्याची भीती आम्हाला घालू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. वाटाघाटींत सामील असलेली दक्षिण आशियातील मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. ती आजही उभी आहे.

आता आमचे म्हणणे.

येत्या ३१ ऑक्टोबरपर्यंत सही मागे घ्यावी. तसे प्रत्येक मंडळीत रविवारच्या उपासनेत वाचून दाखवावे.

तसे न झाल्यास १ नोव्हेंबरपासून आमच्या मंडळ्यांचा वाटा सिनॉडकडे येणार नाही. प्रतिनिधी येणार नाहीत. संयुक्त उपासनेसाठी आमचे व्यासपीठ मिळणार नाही. पाळकांच्या बदल्यांचे आदेश स्वीकारले जाणार नाहीत.

संडेस्कूल, तरुण संघ, महिला मंडळ चालवणारी माणसे कोणाची आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. ठराव झालेले आहेत. तारीख तेवढी घालायची आहे.

चर्चेला या, असा निरोप आता पाठवू नये. चर्चेची वेळ सहीच्या आधी होती.

उत्तर लेखी द्यावे, अध्यक्षांच्या सहीने. फोनवरचे उत्तर आम्ही धरणार नाही.