अभिप्राय द्यायचा, पण कुणाच्या नजरेखाली?

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या आमच्या बैठकीला आलेल्या चार कॉलेजकन्या हसत म्हणाल्या, "ताई, आज आम्ही सरांना पैकीच्या पैकी गुण दिले!" फॉर्म सरांनीच वाटले, सरांनीच गोळा केले. वर नाव आणि रोल नंबर. अंतर्गत गुण अजून सरांच्याच हातात. नाव लिहायचं नसतं तर काय लिहिलं असतं, असं विचारलं, तेव्हा त्या तासभर बोलत राहिल्या. एमएसडब्ल्यू करताना मीही अशीच 'उत्तम'वर खूण केली होती.

'नॅक'ने २०१७च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. अभ्यासक्रम किती शिकवला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य होतं का, हे त्यात विचारलं. ते योग्यच. पण भुदरगड-शाहूवाडीहून एसटीने येणाऱ्या मुलीला शेवटच्या तासाला बसता येतं का, स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे प्रश्न त्यात नव्हते.

लैंगिक छळाची तक्रार ही मात्र वेगळी गोष्ट. २०१३चा कायदा आणि यूजीसीचे २०१५चे विनियम यांनुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. अभिप्रायाचा फॉर्म तिची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी बाजूही आपणच मांडायला हवी. अमेरिकेतल्या एका ऑनलाइन वर्गात शिक्षक-शिक्षिकेने एकमेकांची ओळख घेऊन शिकवलं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकवणारी व्यक्ती कोणीही असो, पुरुषाच्या नावाला गुण जास्त मिळाले होते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या मैत्रिणींची नोकरी नुसत्या अशा आकड्यांवर टांगता कामा नये.

म्हणून मागण्या साध्या आहेत. फॉर्मवर नाव नको. तो त्या शिक्षकाने गोळा करू नये. अंतर्गत गुण लागेपर्यंत तो उघडू नये. प्रश्न ठरवताना मुलींना बरोबर घ्यावं. आणि काय सुधारलं, ते सूचनाफलकावर लावावं.

राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या या गावात मुली आज कॉलेजात पोचल्या आहेत. त्यांचं म्हणणंही तिथे पोचायला हवं. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या कॉलेजातला फॉर्म एकदा मागून पाहा. मुलींसोबत बसून वाचा. मग प्राचार्यांना भेटायला एकट्या जाऊ नका, गटाने जा.