बाईंची वही : दिवाळीचा राहिलेला कंदील



डिसेंबर अर्धा सरला, की आमच्या घरात दोन वास एकदम सुटतात. एक करंजीच्या सारणाचा आणि दुसरा खळीचा. खळ म्हणजे कणीक पाण्यात शिजवून घरीच केलेला डिंक. त्या खळीनं आम्ही नाताळची चांदणी चिकटवतो. बांबूच्या कामट्यांचे दोन सारखे तारे करायचे, टोकाला टोक बांधायचं आणि मधे आडव्या काड्या खोचायच्या. काड्या खोचल्या, की तारा कसा मस्त फुगतो! मग पतंगाचा कागद लावायचा, आत एक बल्ब सोडायचा आणि चांदणी ओट्यावर टांगायची.

या चांदणीनंच मागच्या वर्षी आमच्या घरात एक भानगड केली. तीच आज सांगते.

आमच्याकडे एक जुना बिस्किटांचा डबा आहे. 31 डिसेंबरला रात्री आम्ही चर्चमधे भक्तीला जातो आणि नव्या वर्षाचं स्वागत तिथंच करतो. निघण्यापूर्वी घरातला प्रत्येकजण एक चिठ्ठी लिहितो आणि मोठ्यानं वाचून त्या डब्यात टाकतो. चिठ्ठीत तीनच गोष्टी. वर्षातला एक आनंद, शिकलेली एक गोष्ट आणि कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट. नियम एकच. वाचणाऱ्याला मधे बोलायचं नाही आणि नंतर रागवायचं नाही. हा नियम आमच्या आजींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा.

मागच्या वर्षी धाकटीनं वाचलं, की तिनं गुपचूप सहा करंज्या खाल्ल्या. ते सगळ्यांना माहीतच होतं! मग थोरली उठली. तेव्हा ती आठवीत होती. पहिल्या दोन ओळी तिनं भराभर वाचल्या. तिसरीला आवाज बारीक झाला.

"मैत्रिणी शिकवणीला जाताना घरावरून गेल्या. हे काय टांगलंय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दिवाळीचा कंदील आहे, काढायचा राहिलाय."

धाकटी फिसकन हसली. पण बाकी कोणीच हसलं नाही, तशी तीही गप्प झाली.

आजींनी हळूच विचारलं, "कामून गं तसं म्हणालीस?"

"मग काय सांगू?" थोरलीचे डोळे भरून आले. "त्या विचारतात, तुम्ही इंग्रजांचे लोक ना? मग घरी मराठी कसं बोलता? दर वेळी काय काय सांगत बसू?"

मुलांनो, मला राग आला होता. खोटं बोललेलं मला मुळीच खपत नाही. वर्गात मी त्यासाठी उठबशा काढायला लावलेल्या आहेत. तोंड उघडलंही होतं, पण आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसले. शिवाय आता पाळी माझीच होती.

माझ्या चिठ्ठीत तिसरी गोष्ट होती गुडघेदुखीची. मी ती चिठ्ठी घडी करून ठेवली आणि तोंडीच सांगितलं. माझी पहिली नेमणूक एका खेड्यातल्या शाळेत झाली होती. नाताळची सुट्टी संपवून शाळेत गेले, तेव्हा एका बाईंनी सहज विचारलं, "सुट्टीत काय केलं?" मी म्हटलं, "काही नाही, घरीच होते." पिशवीत फराळाचा डबा होता. तो तसाच परत घरी आणला. मला कोणी चिडवलं नव्हतं, की कोणी वाईट बोललं नव्हतं. मीच आपली आधीच घाबरले होते.

थोरली माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आणि मला मात्र म्हणतेस, खरं बोलावं!"

आता यावर काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "दोघी मिळून शिकू."

त्यानंतरचं वर्ष काही सोपं गेलं नाही, बरं का. जूनमधे मोबाईलवरून भांडण झालं. ऑगस्टमधे थोरलीनं चर्चच्या गाण्याच्या तालमीला जाणं सोडलं. दार लावून बसायची. पण एक प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. "मग आपण कोण?"

तिच्या बाबांनी उत्तराला जालन्यापासूनच सुरुवात केली. रेव्हरंड नारायण शेषाद्री नावाचे एक मराठी गृहस्थ होते. ब्राह्मण घरात जन्मले आणि 1843 मधे मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. थोरली लगेच म्हणाली, "म्हणजे इथं इंग्रजांची छावणी असली, तरी राज्य निजामाचं होतं. आणि गाव वसवणारा माणूस मराठीच!"

मग आम्ही आणखी मागे गेलो. फादर थॉमस स्टीफन्स हे खरोखरच इंग्रज होते. ते 1579 मधे गोव्यात आले आणि मराठी शिकले. नुसते शिकले नाहीत, तर त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं! ते 1616 मधे छापलं गेलं. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत आणि मराठी भाषेची मोठी स्तुती आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी नाताळची गोष्ट मराठी ओवीत सांगून झाली होती.

आणि आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक? कवी टिळक 1895 मधे ख्रिस्ती झाले. चर्चमधे फक्त परदेशी चालीच का, आपलं भजन-कीर्तन का नको, असा त्यांचा आग्रह असे. आमच्या चर्चमधे आज टाळ आणि ढोलकी वाजते, त्यामागे टिळकांसारख्यांचे कष्ट आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं 'स्मृतिचित्रे' आजींनी थोरलीला वाचायला दिलं. दार लावून ती तेच वाचत होती, हे मला फार उशिरा कळलं!

यंदा 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आजींच्या शेतातली कपाशी पाण्यात उभी राहिली. म्हणून या नाताळला नवे कपडे नाहीत आणि फराळही अर्धाच. मुली कुरकुरतील असं वाटलं होतं. थोडं कुरकुरल्याही. मग धाकटीनं मागच्या वर्षीचा सांगाडा माळ्यावरून काढला आणि म्हणाली, "कामट्या तर चांगल्याच आहेत. कागद तेवढा बदलू."

मागच्या रविवारी दुपारी दार वाजलं. बघते तर थोरलीच्या त्याच दोन मैत्रिणी! तिनं त्यांना चांदणी चिकटवायला बोलावलं होतं. हात खळीनं बरबटले होते, तरी प्रश्न काही थांबेनात. एकीनं विचारलं, "काकू, करंजी तर दिवाळीची ना?"

मी बोलणार, तेवढ्यात थोरलीच म्हणाली, "गोव्यात नाताळला हीच करंजी करतात. तिला नेवरी म्हणतात. आणि नाताळ हा शब्द पोर्तुगीज आहे. पण करंजी आपलीच. आम्ही इथलेच आहोत, मग फराळ दुसरा कुठला असणार?"

ती गाण्याच्या चमूत मात्र अजून गेलेली नाही. "गाणार नाही, पण ढोलकी वाजवीन," एवढ्यावर तडजोड झाली आहे. मीही यंदा फराळाचा डबा शाळेत नेणार आहे. खरं सांगू? थोडी धाकधूक अजून वाटतेच.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी असेल, ज्याचा सण तुमच्या घरी होत नाही. मनानंच काही ठरवू नका. त्यालाच विचारा, "तुमच्याकडे काय करतात? मी येऊ का बघायला?" आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर खरं तेच सांगा.

पालकहो, एक रिकामा डबा तुमच्याही घरी असेलच. चिठ्ठ्या लिहिणं सोपं आहे. न रागावता ऐकणं अवघड! जमवून बघा.

काल संध्याकाळी शेजारच्या छोट्यानं ओट्याकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, हा दिवाळीचा कंदील का?"

थोरली म्हणाली, "नाही रे, नाताळची चांदणी आहे. ये, आतून दाखवते."

तुमच्या,
बाई